ग्लुटामेट रिसेप्टरवर काम सुरू करताना

एमएस्सी करून चेताविज्ञानाकडे वळणाऱ्या बहुतेकांची ग्लुटामेट रिसेप्टरशी (चेतापेशींमधला मुख्य उत्तेजक संदेशवाहक ग्लुटामेट ओळखणाऱ्या प्रथिनांशी) पहिली ओळख होते ती तक्त्यातून. एएमपीए, एनएमडीए, केनेट, शिवाय मेटाबोट्रॉपिकचे आठ प्रकार, आणि प्रत्येकाखाली सबयुनिटांची, म्हणजे ज्या घटक-प्रथिनांतून रिसेप्टर बनतो त्यांची, नावं. मुलाखतीत हा तक्ता घडाघडा म्हणून दाखवता येतो. पण पॅच-क्लॅम्पच्या, म्हणजे काचेची बारीक पिपेट पेशीला चिकटवून तिचा विद्युतप्रवाह मोजण्याच्या यंत्राच्या, पडद्यावर पहिला करंट उमटला की त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून नव्यानं येणाऱ्यांना मी सांगते, आधी हे रिसेप्टर वागतात कसे ते बघा. ते कशाचे बनलेत हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

सगळ्यात चांगली सुरुवात म्हणजे हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतल्या स्मृतीशी संबंधित भागाचा) एक साधा प्रयोग. उंदराच्या मेंदूचा सुमारे ३०० मायक्रोमीटर जाडीचा काप घ्यायचा, सीए१ भागातली एक पिरॅमिडल पेशी पॅच करायची, पिक्रोटॉक्सिन घालून गाबा या शामक संदेशवाहकाचे करंट बंद करायचे. पेशी उणे ७० मिलिव्होल्टवर धरून तिच्याकडे येणाऱ्या शाफर कोलॅटरल तंतूंना झटका दिला, की पडद्यावर खाली जाणारी टोकदार लाट येते आणि लगेच विरते. ही जवळजवळ सगळी एएमपीएची. आता तीच पेशी अधिक ४० वर न्या आणि तोच झटका द्या. लाट वर जाते आणि तिचं शेपूट शेकडो मिलिसेकंद रेंगाळतं. एनएमडीए रिसेप्टर अडवणारं डी-एपी५ सोडलं की ते शेपूट डोळ्यांदेखत नाहीसं होतं. ते एनएमडीएचं होतं.

मग उणे ७० वर एनएमडीए गप्प का होता? ग्लुटामेट तर त्यालाही मिळालं होतं. कारण त्याच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो आणि पेशीचं व्होल्टेज चढलं तरच तो हटतो. पॅरिसमधला फिलिप आशेर यांचा गट आणि अमेरिकेत मायर व वेस्टब्रुक यांनी हे १९८४ मध्ये दाखवलं. ग्लायसीनचीही गरज लागते, हे आशेर यांच्याच प्रयोगशाळेतून १९८७ मध्ये पुढे आलं. आता रचना आपोआप अर्थपूर्ण होते. एनएमडीए रिसेप्टर चार सबयुनिटांचा असतो. नेहमीच्या जोडणीत दोन ग्लूएन१, ज्यांवर ग्लायसीन किंवा डी-सेरीन बसतं, आणि दोन ग्लूएन२, ज्यांवर ग्लुटामेट बसतं. समोरून ग्लुटामेट आलं आणि त्याच वेळी आपली पेशीही उत्तेजित असली, तरच दार उघडतं आणि कॅल्शियम आत येतं. दोन गोष्टी एकत्र घडल्याची नोंद घेणारा रेणू आहे हा, आणि शिकण्याशी त्याचं नातं जोडलं जातं ते याचमुळे.

एएमपीएमध्ये मात्र ग्लूए२ या एकाच सबयुनिटावर थोडा जास्त वेळ द्या. माझ्या मते या अख्ख्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट तिथे आहे. ग्लूए२च्या जनुकात छिद्रातल्या एका जागी ग्लुटामीनची खूण आहे, पण आरएनए बनल्यावर एडीएआर२ हे एन्झाइम तिथलं एक अक्षर बदलतं आणि प्रथिनात आर्जिनीन येतं. आर्जिनीनच्या धन भारामुळे कॅल्शियमला वाट मिळत नाही. ज्या उंदरांत हे एन्झाइम नसतं त्यांना फिट्स येतात आणि ते लहानपणीच मरतात. त्यांच्या ग्लूए२च्या जनुकातच आर्जिनीनची खूण घालून दिली, तर ते जगतात.

ज्या एएमपीए रिसेप्टरमध्ये ग्लूए२ नसतो, त्याच्या छिद्रात धन व्होल्टेजवर पेशीच्या आतला स्पर्मीन हा धन भाराचा रेणू अडकतो आणि करंट घटतो. यालाच रेक्टिफिकेशन म्हणतात. इथे एक व्यवहाराची गोष्ट. होल-सेल पॅचमध्ये (पिपेट पेशीच्या आतल्या भागाशी थेट जोडलेली असते तेव्हा) पेशीतलं स्वतःचं स्पर्मीन पिपेटमधल्या द्रावणात विरून जातं, म्हणून ते द्रावणात आपणच घालावं लागतं. रेक्टिफिकेशनवरचा कुठलाही पेपर वाचताना आधी पद्धतीच्या भागात स्पर्मीन शोधा.

त्याच भागात प्राण्याचं वयही बघा. पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ग्लूएन२बी जास्त असतं, वाढीबरोबर ग्लूएन२ए वाढतं आणि करंटचं शेपूट आखूड होतं. दहा दिवसांच्या आणि दोन महिन्यांच्या उंदरांचे आकडे शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही. जुन्या पेपरांत नावंही वेगळी दिसतील. एनआर१ म्हणजे ग्लूएन१, एनआर२बी म्हणजे ग्लूएन२बी, ग्लूआर२ किंवा ग्लूआर-बी म्हणजे ग्लूए२. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, खूप मनस्ताप वाचतो.

मेटाबोट्रॉपिक रिसेप्टर सुरुवातीला बाजूला ठेवले तरी चालतील. ते आयन वाहिनी नाहीत, जी-प्रोटीनमार्फत काम करतात आणि त्यांची चाल संथ असते. स्टारगेझिनसारख्या सहायक प्रथिनांना मात्र टाळू नका. त्यांच्याविना एएमपीए नीट सिनॅप्सवर (दोन चेतापेशींच्या सांध्यावर) पोचत नाही, आणि पोचल्यावर तो किती वेळ उघडा राहणार हेही तीच ठरवतात.

जवळपास पॅच-क्लॅम्पची सोय नसेल तरी रचना घरबसल्या बघता येते. प्रोटीन डेटा बँकेत ३केजी२ (3KG2) हा क्रमांक टाका. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एरिक गुओ यांच्या गटानं प्रसिद्ध केलेली ही ग्लूए२ची पूर्ण रचना आहे. बाजूनं इंग्रजी वायसारखी दिसते. वरचे दोन थर जोडीजोडीनं बसलेत, खाली छिद्रापाशी मात्र चारही सबयुनिटं सारखी मांडलेली आहेत. ही सममिती मधेच कुठे बदलते ते फिरवून फिरवून शोधा.

ते जमलं की १९९५चे ‘सायलेंट सिनॅप्स’वरचे पेपर काढा. उणे ७० वर काहीच उत्तर नाही, अधिक ४० वर आहे: म्हणजे एनएमडीए हजर आणि एएमपीए गैरहजर. दीर्घकालीन दृढीकरण (एलटीपी, म्हणजे सिनॅप्स बराच काळ बळकट होणं) घडवलं, की उणे ७० वरही करंट दिसू लागतो. वर सांगितलेला प्रयोग डोक्यात पक्का असेल, तर त्यातल्या आकृत्या मजकुराशिवायही वाचता येतात.