वार्षिकांक स्पर्धेला पाठवायचाय? मग जुलैतच कामाला लागा

शिवाजी विद्यापीठाच्या वार्षिक नियतकालिक स्पर्धेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे अंक येतात. मी मराठी शिकवते, आमच्या अंकाचं संपादन करते आणि अशा स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसले आहे. नव्या विद्यार्थी संपादकांना मी सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते. तुमच्या अंकातली निम्मी पानं तरी अशी असावीत, की ती दुसऱ्या कुठल्याच महाविद्यालयातल्या मुलांना लिहिता आली नसती.

परीक्षकासमोर अंकांचा गठ्ठा असतो. ‘मोबाइल: शाप की वरदान’, ‘आई’, ‘स्पर्धा परीक्षेचं महत्त्व’ हे मथळे त्याला प्रत्येक अंकात भेटतात, आणि नेटवरून उतरवलेला परिच्छेद दुसऱ्या ओळीलाच ओळखू येतो. असे लेख येतात, कारण जानेवारीत नोटीस लागते, ‘लेख आणून द्यावेत’. विषय नाही, प्रश्न नाही, मुदत आठवड्याची. मग पोरं करणार काय?

म्हणून नोटीस लावू नका, प्रश्न द्या, आणि तोही पावसाळ्यात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 वर धोका, हे सगळ्या कोल्हापूरला पाठ आहे. पण पुरात सापडणाऱ्या चिखली-आंबेवाडीकडून येणारी एखादी मुलगी तुमच्या वर्गात असेल, तर तिला विचारा: पाणी कुठवर आलं की जनावरं सोडता? घरातलं काय आधी माळ्यावर चढतं? दुधाची गाडी बंद झाली की दुधाचं काय करता? 2019 आणि 2021 च्या पुरावर भाषणवजा लेख ढिगानं आले. या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र तिच्याच घरात मिळतात. कुणाचा भाऊ तालमीत असतो, कुणाची आई चप्पल शिवते, कुणाच्या घरी गुऱ्हाळ आहे. प्रत्येकाला त्याच्या घरापासून चार पावलांवरचा विषय द्या.

मुलाखतीला दोघांना पाठवा. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं टिपायचं. रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्यायची. आणि उतरवून काढताना माणसाची बोली पुसू नका. गूळ करणारा गुळव्या ‘आदन उतरलं’ म्हणाला असेल, तर तेच छापा. निवेदन प्रमाण भाषेत ठेवा, अवतरणातलं बोलणं जसंच्या तसं राहू द्या. अंकाला चव त्यानंच येते.

एक विशेष विभाग नक्की करा, पंधरा-वीस पानांचा. विषय सुचत नसेल तर कोल्हापूरच्या दसरा चौकात जाऊन उभे राहा. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेतून या शहरात 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, पुढं मुस्लिम बोर्डिंग आलं, 1908 मध्ये मिस क्लार्क वसतिगृह आलं. खेड्यातून आलेल्या मुलांच्या पिढ्या या इमारतींत शिकल्या. त्यांतले कितीतरी जण आज आजोबा आहेत आणि बोलायला उत्सुक आहेत. मेसचा हिशोब कोण ठेवायचं, रात्री दिवे किती वाजता बंद व्हायचे, जेवणाच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसायचं, असं विचारा. नुसतं ‘आठवणी सांगा’ म्हटलं, तर भाषण मिळेल.

बोर्डिंगचा विषय काढला, की मला अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी आठवतात. ग्रीक अक्षरांची नावं घेतलेल्या या महाविद्यालयीन विद्यार्थी संघटना. त्यांतली फाय बीटा कॅपा 1776 मध्ये स्थापन झाली. या संघटनांची नियतकालिकं शिक्षण संपवून बाहेर पडलेल्या सभासदांच्या घरीही जातात. त्यांच्या संपादकांनी 1923 मध्ये स्वतःची वेगळी संघटना काढली. ती आजही अशा कामाला पुरस्कार देते, आणि त्यांत लेखन, मांडणी, डिजिटल काम यांचा विचार वेगवेगळा होतो. आपण घेण्यासारखं त्यात हे, की अंक कुणासाठी आहे ते त्या संपादकांना पक्कं ठाऊक असतं. आपला अंक बऱ्याचदा फक्त परीक्षकासाठी आणि प्राचार्यांच्या कपाटासाठी निघतो. तुमचा वाचक आधी ठरवा. माजी विद्यार्थी वाचणार असतील, तर त्यांना आजचा वर्ग दिसला पाहिजे. पालक वाचणार असतील, तर अक्षर थोडं मोठं हवं.

आता छपाई. सोळा पानांचा फर्मा (एकाच मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेली पानं) धरून पानसंख्या ठरवा, म्हणजे शेवटी कोरी पानं भरण्यासाठी सुविचार शोधावे लागत नाहीत. प्रेसमध्ये जाण्याआधी कागदाची घडी घालून हातानं डमी करा आणि कुठल्या पानावर काय येणार ते पेन्सिलीनं लिहा. आतला कागद 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) वजनाचा मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा पांढरा कागद, असला तरी पुरतो. महागड्या कागदासाठी कुणी बक्षीस देत नाही.

फोटोंसाठी स्पष्ट नियम घालून द्या. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो. त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलची उरली, तर 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, तो जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर छापता येतो, पूर्ण पानावर नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. खाली माणसांची नावं, ठिकाण आणि काढणाऱ्याचं नाव हवंच. दीपप्रज्वलन आणि सत्काराचे फोटो दोन पानांत बसवा. त्यांना सगळी रंगीत पानं देऊ नका. मुखपृष्ठ मुलांकडूनच करून घ्या.

मुलं युनिकोडमध्ये टाइप करतात, आणि प्रेसचा ऑपरेटर मजकूर स्वतःच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो. त्या बदलात ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, जोडाक्षरं फुटतात, अवतरणचिन्हं उलटी होतात. म्हणून पहिलं प्रूफ फक्त यासाठी वाचा. दुसरं शुद्धलेखनासाठी. तिसरं वेगळ्या माणसानं, आणि त्यात फक्त नावं, आकडे, अनुक्रमणिकेतले पानांचे क्रमांक तपासायचे. मुलाचं आडनाव चुकीचं छापलं गेलं, तर त्या घरात तो अंक कायमचा चुकीचा राहतो.

संपादकीय सगळ्यात शेवटी लिहा आणि त्यात हा अंक कसा घडला ते सांगा: कोण कुठं गेलं, कुणी दार उघडलं, कुठला लेख का घेतला नाही. परीक्षक संपादकीय नीट वाचतात. संपादक मंडळाचं काम खरंच झालं आहे की नाही, ते तिथं कळतं.

प्रवेशिका पाठवताना त्या वर्षीचं परिपत्रक समोर ठेवा. गट कोणता, प्रती किती, मुदत कधी, सही-शिक्का कुठं, हे मागच्या वर्षीच्या आठवणीवर सोडू नका. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना प्रत स्वतः नेऊन द्या, निकालाची वाट न पाहता. पीडीएफ, मूळ फोटो, प्रेसचं बिल आणि डमी एका फाइलमध्ये घालून ग्रंथालयात ठेवा. पुढच्या जुलैत नवं मंडळ तिथूनच सुरुवात करेल.