डग्ग्यावरचे पांढरे ठिपके व्हिडिओतून कसे काढावेत

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एखाद्या घरी गाण्याची बैठक असली की चित्रीकरण होतंच. क्लोजअपमध्ये मात्र डग्ग्याच्या चकचकीत पोटावर पांढरे ठिपके दिसतात. बहुतेक वेळा ती तबलजींनी हाताला लावलेली टाल्कम पावडर असते.

आधी ठिपका नेमका कुठे आहे ते पाहा. कॅमेरा हलला तरी तो चौकटीत जागच्या जागीच राहत असेल, तर धूळ लेन्सवर किंवा सेन्सरवर आहे. डग्ग्याबरोबर सरकत असेल, तर पावडर. आणि दिव्याबरोबर किंवा हाताबरोबर सरकत असेल, तर ती चमक आहे, तिला हात लावू नका. धूळ आपोआप काढणारी साधनं इथे फारशी उपयोगी नाहीत. ती एखाद्याच फ्रेममध्ये उमटणारा डाग शोधतात. आपली पावडर सगळ्या फ्रेममध्ये असते, त्यामुळे ती तशीच राहते आणि क्षणभर लकाकणारी चमक मात्र पुसली जाते.

चार मिनिटांच्या तुकड्यात २५ फ्रेमच्या दराने ६००० फ्रेम होतात. एकेक रंगवत बसणं शक्य नाही, म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे एका खुणेचा फ्रेममागून फ्रेम माग काढणं. दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत फ्यूजन पानावर ट्रॅकर जोडा. खूण डग्ग्याला घट्ट चिकटलेली निवडा: एखादा ओरखडा, किंवा कातड्याची वादी धातूला टेकते तो कोपरा. प्रतिबिंबावर खूण लावलीत तर ट्रॅकर वादकाच्या हातामागे पळेल.

मग पेंट नोड घ्या, क्लोन (चित्रातला एक भाग उचलून दुसरीकडे उमटवणारा पर्याय) निवडा, ठिपक्याहून किंचित मोठा, मऊ कडांचा ब्रश ठेवा. संपूर्ण तुकडाभर टिकणारा स्ट्रोक मारून त्याचं केंद्र ट्रॅकरला जोडा.

खरं कौशल्य पुढे आहे. डग्ग्यावर खिडकीचा, दिव्याचा उजेड लांबट पट्ट्यासारखा पसरतो आणि त्यावरून हाताची सावली सतत फिरते. ठिगळ दुसऱ्या फ्रेममधून आणलंत तर ती सावली त्याच्यावर येतच नाही. तेवढा तुकडा गोठलेला दिसतो. म्हणून स्रोत त्याच फ्रेममधला, ठिपक्याला लागूनच घ्या, आणि पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने घ्या. आडवा घेतलात की उजेडाची कड तुटते. ब्लर तर वापरूच नका, धातू तेवढ्यात मळकट दिसतो.

तपासताना कलर पानावर कॉन्ट्रास्ट तात्पुरता बराच वाढवा, राहिलेले ठिपके लगेच वर येतात. नंतर तो पूर्ववत करून नेहमीच्या वेगाने, पूर्ण पडद्यावर पाहा. थांबवल्यावरच दिसणाऱ्या बारीक ठिपक्यांपायी रात्र घालवू नका. पोचे आणि जुने ओरखडे राहू द्या, ते त्या वाद्याचेच आहेत.

पुढच्या वेळी पावडर लावून झाल्यावर, कॅमेरा सुरू करण्याआधी, तबलजींना विचारून डग्गा कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. ओलं फडकं पुडीजवळ, म्हणजे वरच्या कातड्याजवळ, नेऊ नका.