टी पेशींना सायटोकाइन कधी द्यायचं

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आमच्या प्रयोगशाळेत येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, सायटोकाइन किती टाकायचं?" सायटोकाइन म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना संदेश द्यायला सोडतात ती प्रथिनं. मी म्हणते, किती ते मागाहून बघू, आधी कधी ते ठरवा. टी पेशी ही रक्तातली एक रोगप्रतिकारक पेशी. स्वस्थ बसलेल्या नाइव्ह, म्हणजे अजून एकदाही सक्रिय न झालेल्या टी पेशीवर आयएल-१२ हे सायटोकाइन टाकलं तर ती जवळजवळ ढिम्म राहते. ते ओळखणाऱ्या रिसेप्टरचा बीटा-२ हा भाग तिच्यावर नसतोच, तो पेशी सक्रिय होताना येतो. सक्रिय व्हायला तिला तीन संकेत लागतात: पहिला संकेत सीडी३ मधून, दुसरा सीडी२८ मधून (ही दोन्ही तिच्या पृष्ठभागावरची प्रथिनं) आणि तिसरा सायटोकाइनचा. हा क्रम डोक्यात पक्का असेल तर निम्मा प्रयोग जमला.

रक्त घेताना दात्याची लेखी संमती हवी, आणि प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असं धरूनच हातमोजे घालून हूडमध्ये काम करायचं. रक्तात तेवढंच पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) मिसळा आणि १.०७७ घनतेच्या फायकॉल या जड द्रावणावर नळी तिरकी धरून, अगदी सावकाश सोडा. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. मधे दुधावरच्या पातळ सायीसारखं पांढुरकं कडं दिसेल, तेवढंच पिपेटनं उचला. त्यात टी पेशींबरोबर मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही असतात आणि ते स्वतःच सायटोकाइन सोडतात. म्हणून चुंबकी मण्यांनी बाकीच्या पेशी काढून टाका. टी पेशींना हात न लावता त्या मागे उरतील अशी पद्धत निवडा.

आदल्या संध्याकाळी ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटवर ओकेटी३ हे सीडी३ला चिकटून पहिला संकेत देणारं अँटिबॉडी लावून ती ४ अंशांवर ठेवा. सकाळी दोनदा धुवा, प्रत्येक वेलमध्ये एक लाख पेशी आणि सीडी२८चं अँटिबॉडी घाला. इथे मला एक जुनी जखम आठवते. माझ्या पहिल्या वर्षी सलग तीन वेळा सगळ्या पेशी मेल्या. मी सीरम बदललं, इन्क्युबेटर पुसून काढला, रात्री रडलेही. शेवटी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली: अँटिबॉडीत सोडियम अझाइड होतं. रंगवण्यासाठी ते चालतं, जिवंत पेशींना ते विष आहे. क्लोनचं, म्हणजे अँटिबॉडीच्या नेमक्या वाणाचं नावही वहीत लिहा, कारण सीडी२८ची सगळी अँटिबॉडी सारखी वागत नाहीत. २००६ साली लंडनमध्ये टीजीएन१४१२ हे सीडी२८चं अँटिबॉडी सहा स्वयंसेवकांना दिलं गेलं. पहिल्या संकेताची वाट न बघताच त्यानं टी पेशी पेटवल्या आणि सायटोकाइनच्या वादळानं सहाही जण अत्यवस्थ झाले.

ओकेटी३ची एकच मात्रा ठेवू नका. मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमपासून ०.०३ पर्यंत उतरत जा. वरच्या मात्रेला पेशी स्वतःच आयएल-२ (त्यांची वाढ घडवणारं सायटोकाइन) इतकं बनवतात की तुम्ही घातलेलं म्हणजे सूर्यापुढे काजवा. फरक दिसतो तो खालच्या मात्रेला. आणि एक वेल अशी ठेवाच, जिच्यात अँटिबॉडी नाही, फक्त सायटोकाइन आहे. ती वेल नसेल तर मी निकाल बघतही नाही.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे झुबके दिसले की जीव भांड्यात पडतो. सक्रिय झाल्याची खूण असलेली पृष्ठभागावरची प्रथिनं येऊ लागतात: सीडी६९ काही तासांतच वर येतं, सीडी२५ दिवस-दोन दिवसांत. हे सीडी२५ म्हणजे आयएल-२च्या रिसेप्टरचा अल्फा भाग. तो आला की पेशीला अगदी थोडं आयएल-२ही पुरतं, आणि त्या आयएल-२मुळे सीडी२५ आणखी वाढतं. सीएफएसई या चमकणाऱ्या रंगानं रंगवलेल्या पेशींची चमक दर विभाजनाला निम्मी होते. चौथ्या-पाचव्या दिवशी फ्लो सायटोमीटर या एकेक पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर एकामागे एक उंचवटे मोजता येतात. आयएल-२ची एलायझा (द्रवातलं प्रथिन मोजायची चाचणी) मात्र २४ तासांचं द्रव काढूनच करा. चार दिवस थांबलात तर बनवलेलं आयएल-२ पेशींनीच वापरून टाकलेलं असतं आणि तुम्ही 'आयएल-२ बनत नाही' असं लिहून मोकळे व्हाल.

टी पेशी कोणत्या प्रकाराकडे वळते ती दिशा बघायची असेल तर एका वेलमध्ये मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम आयएल-१२, दुसरीत तेवढंच आयएल-४. पहिलीतल्या पेशी स्टॅट४ या संकेतवाहक प्रथिनामार्गे इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन बनवण्याकडे वळतात, दुसरीतल्या स्टॅट६ आणि गाटा३ या जनुकं नियंत्रित करणाऱ्या प्रथिनांकडे. आयएल-४च्या वेलमध्ये इंटरफेरॉन-गॅमा अडवणारं अँटिबॉडीही घाला.

टीजीएफ-बीटा हे सायटोकाइन वापरणार असाल तर सीरमकडे लक्ष द्या, वासराच्या सीरममध्ये ते मुळातच असतं. आणि नियामक पेशींची (इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या पेशींची) खूण मानलेलं फॉक्सपी३ हे प्रथिन दिसलं म्हणून लगेच 'नियामक पेशी तयार झाल्या' असं लिहू नका. उंदरात ते चालून जातं. माणसाच्या साध्या टी पेशी सक्रिय होतानाही काही दिवस फॉक्सपी३ दाखवतात. त्या पेशींना उत्तेजनाशिवाय आठवडाभर शांत ठेवा, पुन्हा रंगवा, आणि त्या ताज्या टी पेशींची वाढ खरोखर रोखतात का ते बघा.