नॉर्टन कमांडोचं आयसोलास्टिक: दहा थाऊची फट कशी बघायची

नॉर्टन कमांडो ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल हातात आली की लोक आधी कार्ब्युरेटर उघडतात, पण माझं ऐका, आधी आयसोलास्टिकची, म्हणजे इंजिनला रबरावर धरणाऱ्या माउंटिंगची, फट बघा, कारण या गाडीचा अख्खा स्वभाव तिथे ठरतो.

आधी हे असं का बनवलं ते समजून घ्या. कमांडोच्या पॅरेलल ट्विनमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिलिंडर असलेल्या इंजिनात, दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात, त्यामुळे इंजिन थरथरतं ते वर-खाली आणि पुढे-मागे, आडवं जवळजवळ नाहीच. १९६७ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट शोमध्ये कमांडो आली तेव्हा ७४५ सीसीचं इंजिन मूळ बर्ट हॉपवुडने डिझाइन केलेल्या, आधीच्या नॉर्टन डॉमिनेटरच्या घराण्यातलंच होतं, थरथर होतीच. म्हणूनच स्टीफन बाउअर, बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग या इंजिनीअरांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि स्विंगआर्म एकत्र जोडले आणि तो सगळा गठ्ठा रबरावर चॅसीत बसवला! मला हे डोकं आजही भारी वाटतं.

पण एक गोम आहे. मागचं चाक त्या गठ्ठ्याला लागलंय आणि पुढचं चॅसीला, म्हणजे गठ्ठा आडवा हलला की दोन्ही चाकांची रेषा बिघडते आणि वळणावर गाडी मधून मोडल्यासारखी वाटते. म्हणून वर-खाली मोकळं सोडायचं आणि आडवं फक्त ०.०१० इंच, म्हणजे दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), साधारण पाव मिलिमीटर.

आता मोजायचं कसं. गाडी सरळ उभी करा, पुढच्या माउंटिंगचा मेन बोल्ट मॅन्युअलप्रमाणे टाइट आहे ना बघा (ढिल्या बोल्टवर घेतलेलं माप खोटंच येतं), रबरी गेटर (माउंटिंगवरचं आवरण) बाजूला सरकवा, लाकडी दांड्याने इंजिन एका बाजूला दाबून धरा आणि दुसऱ्या बाजूला वॉशर आणि कॉलरमध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. दहा थाऊचं पान जरा अडकत गेलं पाहिजे. मागच्या माउंटिंगलाही तेच, तिथे हात नीट पोचत नाही, वैतागू नका.

फट जास्त असेल तर इंजिनखाली नीट आधार द्या, बोल्ट काढा आणि जाड शिम (फट भरायची चकती) घाला, कमी असेल तर पातळ. १९७५ च्या मार्क थ्रीला शिमची भानगडच नाही, फिरवायचे अ‍ॅडजस्टर आहेत, पण शेवटी फीलर गेजनेच खात्री करा.

फट कमी दिसली तर लगेच शिम काढू नका हं. बऱ्याचदा आत गंज साचून फट बुजलेली असते, आधी सगळं उघडा, साफ करा, सिलिकॉन ग्रीस लावा आणि मगच माप घ्या. फाटका गेटर तसाच ठेवलात तर पाणी जाऊन पुन्हा तेच होणार. काही जण मुद्दाम सहा थाऊ ठेवतात, वळणावर गाडी घट्ट वाटते खरी, पण थरथर हँडलपर्यंत येते. मी दहाच ठेवतो, ज्यासाठी ही रचना केली तेच घालवायचं कशाला?

शेवटी इंजिनच्या हेडवरचा रबरी स्टेडी (इंजिनला वरून धरणारा आधार) तपासा, चिरलेलं रबर बदला, मग गाडी चालू करा. आयडलला पुढचं चाकसुद्धा नाचेल, घाबरू नका, ते तसंच असतं. तीन हजार आरपीएमच्या आसपास थरथर विरली पाहिजे, नाही विरली तर पुन्हा फीलर गेज काढा आणि मागच्या माउंटिंगपासून सुरुवात करा.