खडूचा दगड (चॉक) समुद्रात कसा बनतो, मुलांना दाखवायचं असेल तर

सायन्स एक्झिबिशनसाठी हा प्रोजेक्ट घेतला असेल तर शाळेचा खडू वापरू नका, तो बहुतेक जिप्समचा असतो, सिरका टाकला तरी ढिम्म. हार्डवेअरवाल्याकडे पुट्टीसाठी चॉक मिट्टी मिळते ती आणा, तिच्यावर सिरका टाकला की फसफसतं. पण तेवढ्यावर खूश होऊ नका, त्यातून फक्त कॅल्शियम कार्बोनेट आहे एवढंच कळतं, अंड्याचं टरफल पण तसंच करतं.

खरा खेळ कोकोलिथोफोर नावाच्या शेवाळाचा. एकच पेशी, समुद्राच्या वरच्या थरात उन्हात तरंगते आणि अंगावर चुन्याच्या गोल चकत्या चढवते, चकती अगदी काही मायक्रॉनची. आता एवढी हलकी चीज तळाला जाणार कधी? दोन उंच ग्लास पाण्याने भरा, एकात चिमूटभर मिट्टी ढवळा, दुसऱ्यात तीच मिट्टी थोड्या कणकेत मळून तांदळाएवढ्या गोळ्या करून सोडा. गोळ्या लगेच खाली, पहिला ग्लास बराच वेळ दुधाळच. समुद्रात ह्या गोळ्या म्हणजे कोपेपॉड वगैरे बारीक जिवांची शी, ते शेवाळ खातात आणि चकत्या पॅक होऊन खाली येतात (हा पार्ट चार्टवर मोठ्या अक्षरात लिहा, मुलांची गर्दी इथेच होते).

तळ फार खोल असून चालत नाही, साधारण चार-पाच किलोमीटरखाली चुना विरघळून जातो. बाकी काम वेळेचं, हजार वर्षांत जेमतेम काही सेंटीमीटर थर, मग वरच्या वजनाने दबून दगड. इंग्लंडात डोव्हरचे पांढरे कडे 100 मीटरच्या वर उंच आहेत, ते असेच 10 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धात साचले.

मायक्रोस्कोप असेल तर खऱ्या चॉकच्या पुडीचा एक थेंब स्लाइडवर वाळवून बघा, फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशी समुद्री जिवांचे शंख दिसू शकतात, चकत्या नीट बघायला मात्र इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. संगमरवराची पूड असली तर काहीच नाही दिसणार, त्यात सगळं नव्याने स्फटिक झालेलं असतं.

कोणीतरी विचारणारच, भिया इंदूर तर काळ्या बेसाल्टवर, म्हणजे लाव्हाच्या दगडावर बसलंय, इथे समुद्र कुठला? तेव्हा धार जिल्ह्यातल्या बागचं नाव सांगा, क्रिटेशसमध्येच समुद्र नर्मदेच्या खोऱ्यातून तिथवर आत आला होता, तिथल्या चुनखडीत ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे बारीक जीव) आणि समुद्री अर्चिन (काटेरी गोल जीव) यांचे फॉसिल सापडतात. पण ती चुनखडी कडक आणि उथळ पाण्यातली, तिच्या फोटोखाली चॉक लिहू नका, आणि फॉसिल उचलून पण आणू नका, फोटोच लावा.