काठ्या झालेला युफोर्बिया पुन्हा डेरेदार कसा करावा

बहुतेक गच्च्यांवर एक कुंडी अशी असतेच: तीन-चार उंच राखाडी काटेरी काठ्या, टोकाला पानांचा झुपका आणि त्यात दोन-चार लाल फुलं. नर्सरीतून आणलं तेव्हा झाड भरगच्च होतं, मग असं का झालं? खत कमी पडलं म्हणून नाही. या झाडाची पानं फक्त नव्या वाढीवर येतात. जुन्या खोडावरून पान एकदा गळलं की त्या जागी सहसा पुन्हा येत नाही. शेंडा वर जातो, खाली नुसते काटे राहतात. त्यामुळे डेरेदार झाड हवं असेल तर ते कापावं लागतं, आणि काट्यांच्या, चिकाच्या धास्तीने आपण नेमकं तेवढंच टाळतो.

कात्री हातात घेण्याआधी झाड कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. आपलं हे झाड म्हणजे युफोर्बिया मिली, मूळचं मादागास्कर बेटावरचं. रियुनियन बेटाचे गव्हर्नर राहिलेले बॅरन मिलियस यांनी १८२१ साली ते फ्रान्सला नेलं आणि १८२६ साली त्याला त्यांचं नाव मिळालं. मादागास्करमध्ये त्याचे नैसर्गिक प्रकारच अनेक आहेत आणि प्रत्येकाची वाढायची तऱ्हा निराळी.

आपल्याकडे सर्वात जास्त दिसतो तो स्प्लेंडेन्स. बारीक, वाकणाऱ्या फांद्या, लालभडक छोटी फुलं. मोकळं सोडलं तर पुरुषभर उंच होतो, शेजारच्या झाडांत घुसतो. छाटणीला हाच सगळ्यात छान दाद देतो. हिस्लोपीचं खोड अंगठ्याहून जाड, काटे दणकट, फुलं मोठी, पण फांद्या मोजक्याच. त्याच्याकडून झुडपाची अपेक्षा करू नका, तो उभाच शोभतो. थायलंडमधून आलेल्या मोठ्या फुलांच्या संकरित जातीही याच वळणाच्या असतात. इम्पेराटी मात्र मुळातच बुटका. छोटी पानं, दाट फांद्या. त्याचे शेंडे नुसते खुडले तरी पुरे. पिवळी फुलं येतात तो तानानारिवे, मादागास्करच्या राजधानीच्या परिसरातला. तोही उंच जातो. नैऋत्येच्या तुलेआर भागातला तुलेआरेन्सिस तुमच्याकडे असलाच, तर त्याला कात्री लावू नका. तो फार सावकाश वाढतो.

छाटणीसाठी फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ चांगला. ऊन कडक असतं, जखम लवकर सुकते आणि पावसाळ्यापर्यंत नवे फुटवे टणक होतात. पावसात छाटलं तर कापलेल्या तोंडातून कूज खाली उतरते.

आता चिकाबद्दल, आणि हे मनावर घ्या. हे झाड कुंपणाच्या शेराच्या कुळातलं. शेराचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं हे कुंपणाला शेर असलेल्या गावात लहान पोरांनाही ठाऊक असतं. याचाही चीक तसाच: त्वचेची आग होते, डोळ्याला इजा होते. जाड हातमोजे आणि चष्मा घाला, खाली वर्तमानपत्र पसरा, मुलांना आणि मांजराला लांब ठेवा. डोळ्यात उडालाच तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवत राहा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

कुठे कापायचं? खोड जवळून बघा. काटे जोडीने आलेले दिसतात. ती जोडी जिथे आहे तिथे कधीकाळी पान होतं आणि त्या जोडीच्या वरच झोपलेला डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, असतो. त्या जोडीच्या साधारण अर्धा सेंटीमीटर वर, धारदार आणि स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने, एका झटक्यात कापा. पांढराशुभ्र चीक भराभर बाहेर येऊन थेंब लोंबायला लागतो. त्यावर गार पाण्याचा फवारा मारा, थोड्या वेळात तो थांबतो. सगळ्या फांद्या एका उंचीवर कापू नका, मधल्या उंच आणि कडेच्या आखूड ठेवा, म्हणजे नवी पालवी थरांनी येते. झाड फार जुनं असेल तर या वर्षी निम्म्या फांद्या, उरलेल्या पुढच्या वर्षी.

नंतर पाणी कमी करा, कारण पानंच नाहीत तर पाणी प्यायला कोण आहे? काही आठवड्यांत कापाखाली तांबूस-हिरवा ठिपका दिसतो. बहुतेक वेळा एक नाही, दोन-तीन. पहिल्यांदा ते ठिपके बघताना मला जो आनंद झाला, तो फुलं बघूनही झाला नव्हता.

कापलेले शेंडे फेकू नका. बोटभर लांबीचे तुकडे घ्या, खालची पानं काढा, तोंड पाण्यात बुडवून चीक धुवा आणि सावलीत चार-पाच दिवस नुसते ठेवून द्या. या वाळवण्यात घाई केली की फांदी कुजलीच समजा. मग जाडसर वाळूत दोन-तीन सेंटीमीटर खोचा, वाळू जेमतेम ओलसर ठेवा. महिना-दीड महिन्यात हलकेच ओढून बघा. फांदी अडली, तर मुळं धरली.

मोठ्या कुंडीसाठी एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, अर्धा भाग जुनं शेणखत. पाणी दिल्यावर ते लगेच खालून वाहून गेलं पाहिजे. ऊन निदान पाच-सहा तास. नत्र जास्त असलेलं खत दिलं की पानं माजतात आणि फुलं रुसतात. खरं तर आपण ज्याला फूल म्हणतो त्या लाल पाकळ्या रंगीत पानंच आहेत, बोगनवेलीसारखी. खरी फुलं मधल्या इवल्याशा ठिपक्यात. म्हणूनच तो रंग आठवडे-आठवडे टिकतो.

पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाका. माझं पहिलं झाड त्या ताटलीतल्या पाण्यानेच गेलं; वरून हिरवंगार दिसत होतं आणि खोड बुडाशी बोटाने दाबलं तर मऊ लागलं. कोकणात तर जून ते सप्टेंबर कुंडी वळचणीखाली, पण उजेडात ठेवा. बूड मऊ झालेलं दिसलंच, तर वरच्या टणक फांद्या त्याच दिवशी कापून सुकायला ठेवा.