मोटर यॉटवर कायमचे राहताना: किनाऱ्याकिनाऱ्याने लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी

किनाऱ्याकिनाऱ्याने महिनोन्‌महिने प्रवास करणारी मोटर यॉट दिवसाकाठी फार तर सहा-सात तास चालते. उरलेला सारा वेळ ती नांगरावर किंवा धक्क्याला उभी असते, आणि त्याच वेळात तिच्यावर माणसे झोपतात, स्वयंपाक करतात, कपडे धुतात, प्रसंगी आजारीही पडतात. नौका विकत घेताना मात्र बहुतेकांची नजर अश्वशक्तीवर, कमाल वेगावर आणि सुकाणूसमोरच्या पडद्यांवर खिळलेली असते. ज्यांना नौकेवर संसार थाटायचा आहे त्यांनी हा क्रम उलटा करावा आणि प्रत्येक निवड करताना उभ्या नौकेचा विचार आधी करावा.

नौका निवडताना

लांबच्या पल्ल्यासाठी पाणी कापत जाणारा जड, गोलसर बुडाचा सांगाडा उत्तम. पाण्यावर उचलून धावणाऱ्या सांगाड्याला सामानाचे ओझे सोसत नाही, आणि राहती नौका दरवर्षी जड होतच जाते. अशा जड नौकेच्या वेगाला निसर्गाचीच मर्यादा असते. पाण्यालगतची लांबी मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला २.४३ ने गुणले की ही मर्यादा नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल या मापात, मिळते. लांबी १२ मीटर असेल तर ती सुमारे ८.४ नॉट येते. त्यापुढे रेटू पाहिल्यास इंधन जळते, वेग मात्र नाममात्र वाढतो. लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ८ ऐवजी ७ नॉटने गेल्यास प्रत्येक सागरी मैलामागे जवळजवळ पाव हिस्सा डिझेल वाचते. ज्याला हा संथपणा सोसवणार नाही त्याने या प्रकारच्या नौकेच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

युरोपीय नियमांनुसार नौकांचे ए, बी, सी आणि डी असे वर्ग केलेले असतात. बी वर्गाची रचना वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट श्रेणीतील ८ पर्यंतचा वारा आणि ४ मीटरपर्यंतच्या लाटा गृहीत धरून केलेली असते. सी वर्गात हीच मर्यादा वाऱ्यासाठी ६ आणि लाटांसाठी २ मीटर असते. लांबच्या किनारी प्रवासासाठी किमान बी वर्ग हवा. वर्गाचा शिक्का मात्र नव्या नौकेला मिळालेला असतो. वीस वर्षांत तिच्या छतावर काय काय चढवले गेले आणि त्यामुळे तिचा तोल किती बिघडला, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही.

खरेदीपूर्वी स्वतंत्र सर्वेक्षकाकडून नौका पाण्याबाहेर काढून तपासून घ्यावी, इंजिनाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि समुद्रात इंजिन पूर्ण जोराने चालवून त्याचे तापमान पाहावे. याशिवाय एक साधी परीक्षा स्वतः करावी. इंजिनाच्या खोलीत उतरून दोन्ही बाजूंनी इंजिनापर्यंत हात पोहोचतो का, इंधनाचे फिल्टर, पाण्याचा पंप आणि बुडातून पाणी आत घेणाऱ्या झडपा हाती येतात का, हे पाहावे. जिथे हात पोहोचत नाही तिथली देखभाल होत नाही. सुंदर बैठकीसाठी इंजिनाची खोली आक्रसून टाकलेली नौका कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

वीज आणि पाणी

धक्क्याची वीज काढली की राहत्या नौकेची खरी ओळख पटते. म्हणून आधी कागदावर हिशेब मांडावा. १२ व्होल्टच्या जोडणीवर एका मध्यम फ्रिजला दिवसाला ५० ते ६० अँपिअर-तास लागू शकतात. दिवे, पंखे, पाण्याचा पंप, फोन, संगणक आणि नांगराची दिवाबत्ती धरून आपली गरज १५० अँपिअर-तास निघाली असे समजू. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्यापेक्षा जास्त रिकाम्या केल्यास लवकर मरतात, त्यामुळे एका दिवसासाठीच ३०० अँपिअर-तासांचा साठा हवा. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्यांतून ८० टक्क्यांपर्यंत वीज घेता येते, म्हणून तेच काम १९० अँपिअर-तासांत भागते आणि वजनही पुष्कळ वाचते.

मात्र जुन्या बॅटऱ्या काढून त्यांच्या जागी लिथियम बसवणे इतके सरळ नाही. या बॅटऱ्या मिळेल तितका विद्युतप्रवाह ओढत राहतात, त्यामुळे इंजिनावरचा वीज निर्माण करणारा अल्टरनेटर सतत पूर्ण क्षमतेने चालून तापतो. शिवाय बॅटरीच्या संरक्षक यंत्रणेने चार्जिंग चालू असताना अचानक जोडणी तोडली तर व्होल्टेजच्या उसळीने अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. अल्टरनेटरला तापमान ओळखणारा नियंत्रक बसवल्याशिवाय हा बदल करू नये. छतावर मावतील तेवढे सोलर पॅनेल लावावेत आणि जनरेटर ढगाळ दिवसांसाठी राखून ठेवावा. शांत नांगरवाट्यावर रात्री जनरेटर चालवणाऱ्याशी शेजारी दुसऱ्या दिवशी बोलत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

धक्क्याची वीज जोडतानाही एक धोका असतो. अर्थिंगच्या तारेने शेजारच्या सगळ्या नौकांचे पाण्यातील धातू एकमेकांशी जोडले जातात आणि खाऱ्या पाण्यात त्यांची एक मोठी बॅटरीच तयार होते; मग ज्याचा धातू दुबळा, त्याच्या नौकेला पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) आणि त्याचा दांडा झिजतो. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवल्याने हे टळते. झिजण्यासाठीच बसवलेले धातूचे तुकडे खाऱ्या पाण्यात जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे, तर गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे असावेत आणि निम्मे झिजताच बदलावेत.

काटकसरीने वागणाऱ्या दोन माणसांना रोज ३० लिटर गोडे पाणी पुरते. म्हणजे ४०० लिटरची टाकी जेमतेम १३ दिवस चालते. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र सुमारे ५५ बार दाबाने पाणी पडद्यातून ढकलते. या पडद्याला तेल आणि क्लोरिन हे दोन मोठे शत्रू आहेत, म्हणून यंत्र बंदरात चालवू नये आणि ते धुण्यासाठी टाकीतले क्लोरिनयुक्त पाणी वापरायचे असल्यास कार्बनच्या फिल्टरमधूनच घ्यावे.

इंधन आणि इंजिन

इंधनाचे तीन भाग करावेत: एक जाण्यासाठी, एक परतण्यासाठी आणि एक अडचणीसाठी. तिसरा भाग आपला नाहीच असे समजून प्रवास आखावा.

डिझेल इंजिन बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे घाण इंधन. टाकीच्या तळाशी पाणी साचते, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा गाळ तळाशी बसतो. शांत पाण्यात हा गाळ कित्येक महिने निपचित राहतो. खवळलेल्या समुद्रात नौका हेलकावे खाऊ लागली की तोच वर येतो आणि नेमक्या खाडीच्या मुखाशी, जिथे इंजिनाची सर्वांत जास्त गरज असते, तिथे फिल्टर तुंबतो. म्हणून एकाऐवजी दोन फिल्टर समांतर बसवावेत, मध्ये झडप ठेवावी आणि फिल्टर तुंबू लागल्याचे दाखवणारा निर्वात दाबाचा मापक लावावा. एक फिल्टर तुंबला की झडप फिरवून इंजिन न थांबवता दुसऱ्यावर जाता येते. पाणी वेगळे करणारे भांडे रोज सकाळी पाहावे. फिल्टर बदलून इंधनवाहिनीतील हवा काढण्याचा सराव नांगरावर असताना, डोळे मिटूनही जमेल इतका करावा.

इंजिन सुरू करण्याआधी तेल, शीतक, पट्टे आणि समुद्राचे पाणी गाळणारी जाळी तपासावी. सुरू झाल्यावर धुराड्यातून पाणी बाहेर पडते आहे याची खात्री करावी. ते पडत नसेल तर बहुधा जाळी तुंबलेली असते किंवा पंपातले पाणी ढकलणारे रबरी चाक (इंपेलर) फाटलेले असते. चालत्या नौकेत दर तासाला इंजिनाच्या खोलीत एक फेरी मारावी. तापमानाचा काटा हलण्याआधीच जळक्या रबराचा वास किंवा नवा आवाज पुष्कळ काही सांगून जातो. बुडातील प्रत्येक झडपेजवळ तिच्या मापाची निमुळती लाकडी खुंटी बांधून ठेवावी आणि बुडाशी साचलेले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाखेरीज पाणी चढल्याचा मोठा आवाज करणारी वेगळी घंटा बसवावी.

नांगर

राहत्या नौकेवर पैसे वाचवू नयेत अशी एक वस्तू सांगायची झाल्यास मी नांगराचे नाव घेईन. मोटर यॉटचा वरचा भाग उंच असल्याने वारा तिला जोरात ढकलतो, त्यामुळे उत्पादकाने सुचवलेल्या मापापेक्षा एक माप मोठा नांगर घ्यावा. साखळी किती सोडायची याचा हिशेब करताना लोक नेमक्या दोन गोष्टी विसरतात: भरतीने वाढणारे पाणी आणि नौकेच्या पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंची. ओहोटीला ४ मीटर पाणी असेल, भरतीने ते २ मीटर वाढणार असेल आणि पुढचे टोक १.५ मीटर उंच असेल, तर बेरीज ७.५ मीटर होते. तिच्या पाचपट म्हणजे सुमारे ३८ मीटर साखळी हवी आणि जोराचा वारा अपेक्षित असल्यास सातपट, म्हणजे ५३ मीटर. नांगर टाकल्यावर इंजिन मागे चालवून तो तळात रुतवावा, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून नौका सरकत नाही हे पाहावे आणि मगच इंजिन बंद करावे. साखळीला हूक लावून नायलॉनचा लवचीक दोर जोडला की धक्के तो सोसतो आणि साखळीची करकर झोपण्याच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही.

रात्री सर्व दिशांना दिसणारा पांढरा दिवा आणि दिवसा पुढच्या भागात एक काळा गोळा दाखवणे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांनुसार आवश्यक आहे. उभी नौका लाटांनी डोलत असेल तर बाजूला काढलेल्या दांड्यावरून पाण्यात एक चपटी पाटी टांगावी. वीज न खाणारा हा जुना उपाय अजूनही चांगला चालतो. जड चाक वेगाने फिरवून डोलणे रोखणाऱ्या जायरो यंत्राला मात्र पुरेशा वेगाने फिरू लागण्यासाठीच बराच वेळ आणि पुष्कळ वीज लागते.

ओल, वायू आणि सांडपाणी

दोन माणसांच्या श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ थंड भिंतींवर जमते. गादीखाली फळ्यांची जाळी घालून हवा खेळती ठेवली नाही तर काही आठवड्यांतच बुरशी धरते. कपाटांच्या दारांना भोके पाडावीत आणि स्वयंपाक करताना झरोका उघडा ठेवावा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर नौकेच्या बुडाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. सिलिंडर बाहेरच्या बंद कप्प्यात ठेवावा, त्या कप्प्याच्या तळाचे भोक थेट नौकेबाहेर उघडावे आणि शेगडी विझवण्याआधी सिलिंडरची झडप बंद करून नळीतला गॅस जाळून टाकावा. कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसतो आणि तो शेजारच्या नौकेच्या धुराड्यातूनही येऊ शकतो. झोपण्याच्या प्रत्येक खोलीत त्याचा संवेदक हवा.

मैलापाण्यासाठी टाकी असावी. ते कुठे सोडता येते याचे नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे पुढच्या देशाचे नियम सीमा ओलांडण्यापूर्वीच वाचावेत. प्लास्टिकच्या बाबतीत मात्र काही वाचायची गरज नाही: जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय मार्पोल कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार कोणत्याही नौकेने समुद्रात कुठेही प्लास्टिक टाकणे निषिद्ध आहे.

निघावे की थांबावे

ठरलेली तारीख हे किनारी प्रवासातील सर्वांत मोठे संकट आहे. पाहुण्यांना ठिकाण सांगावे किंवा दिवस सांगावा, दोन्ही सांगू नयेत. स्वतःची मर्यादा आधीच लिहून ठेवावी. ब्यूफोर्ट ६ म्हणजे २२ ते २७ नॉटचा वारा. तो समोरून येणार असेल तर नांगर उचलायचा नाही, असे ठरवून टाकले की सकाळी वाद होत नाहीत. केवळ वाऱ्याचा आकडा मात्र पुरेसा नसतो. ओहोटीचा प्रवाह आणि वारा एकमेकांसमोर आले की मध्यम वाऱ्यातही लाटा आखूड आणि उभ्या होतात. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असेल तर ओहोटीच्या वेळी तिथे लाटा फुटतात, म्हणून भरतीच्या अखेरीस आत शिरावे. सहा तासांच्या भरतीत पाणी पहिल्या तासाला बाराव्या हिश्शाने, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्या व चौथ्या तासाला तीन-तीन हिश्शांनी चढते. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मी भरती होते आणि प्रवाहही तेव्हाच सर्वांत जोरात असतो. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत हे अधिक जाणवते, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत कमी.

प्रत्येक मुक्कामाआधी एक पर्यायी आसरा ठरवावा आणि तो असा असावा की जिथे ओहोटीत आणि अंधारातही शिरता येईल. रेडिओ १६ व्या, म्हणजे संकटात हाक देण्याच्या, चॅनेलवर ठेवावा, त्यात नौकेची ओळख सांगणारा आपला नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक भरलेला असावा आणि ४०६ मेगाहर्ट्‌झवर चालणारा ईपर्ब, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवणारे यंत्र, आपल्या नावाने नोंदवलेला असावा. नौकेवर कायम राहत असल्याचे विमा कंपनीला लेखी कळवावे. ते न कळवल्यास दावा नाकारला जाण्याची शक्यता असते.

जमिनीवरचे घर विकण्यापूर्वी एक प्रयोग करावा. बंदराजवळच, पण धक्का सोडून, सात दिवस नांगरावर राहावे. वीज, पाणी किंवा डिझेल बाहेरून आणू नये. रोज सकाळी बॅटरीची पातळी, टाकीतले पाणी, जळलेले डिझेल आणि मैलाटाकीची पातळी वहीत लिहावी. त्याखाली झोप कशी लागली हेही एका ओळीत लिहावे, आणि हे नौकेवरच्या प्रत्येकाने आपापल्या हाताने लिहावे. सातव्या दिवशी आकडे एकत्र मांडले की बॅटऱ्या वाढवायच्या, टाकी मोठी करायची की आणखी एखादा हंगाम जमिनीवर काढायचा, हे त्या वहीवरून ठरवता येते.